रसायनाची पेटी: रंग भरपूर, काटा गायब

आठवी ते दहावीच्या मुलांसाठी ‘केमिस्ट्री किट’ किंवा ‘रसायन प्रयोग पेटी’ म्हणून जे खोके ऑनलाइन आणि शालेय साहित्याच्या दुकानांत मिळतात, त्यांचं हे परीक्षण. एकाच कंपनीचं नाव घेऊन लिहिण्यात फारसा अर्थ नाही. झाकणावरचं चित्र बदलतं, आतला माल साधारण सारखाच: आठ-दहा परीक्षानळ्या आणि त्यांची ठेवणी, एक-दोन चंचुपात्रं, ड्रॉपर, नरसाळं, गाळणकागद, लिटमस, पीएच पट्ट्या, फिनॉल्फ्थेलीन आणि मिथिल ऑरेंज हे दोन दर्शक (रंग बदलून आम्ल-आम्लारी दाखवणारे), पंधरा-वीस रसायनांच्या पुड्या, स्पिरिटचा दिवा, गॉगल आणि ‘इतके इतके प्रयोग’ अशी जाडजूड आकडा मिरवणारी पुस्तिका.

आमचं मत आधीच सांगतो. काचसामान, दर्शक आणि दोन-तीन रसायनं यांसाठी पेटी उपयोगी आहे. बाकीचा माल किराणा दुकानात, औषधांच्या दुकानात आणि कृषी सेवा केंद्रात सुटा आणि स्वस्त मिळतो. पण खरी उणीव वेगळीच आहे. पेटीत वजनकाटा नसतो. पुस्तिकेत सगळीकडे ‘चिमूटभर’, ‘अर्धा चमचा’, ‘थोडेसे’. रंग बदलला, फेस आला, पांढरं झालं, की प्रयोग संपला. नववीत ‘द्रव्याचे मोजमाप’ येतं, मोल (वजनावरून रेणू मोजायचं एकक) येतो, दहावीत संतुलित समीकरणं येतात. हा सगळा कारभार वजनाचा आहे, आणि त्याबाबत पेटी गप्प बसते.

आता एकेक वस्तू.

दर्शकांपासून सुरुवात करू, कारण पेटी उघडल्यावर मुलं पहिल्यांदा तिकडेच धावतात आणि पहिली तक्रारही तिथूनच येते: ‘फिनॉल्फ्थेलीन खराब निघालं, खाण्याच्या सोड्यात गुलाबी झालंच नाही.’ बहुतेक वेळा ते खराब नसतं. सामू म्हणजे पीएच: ७ ला उदासीन, खाली आम्ल, वर आम्लारी. फिनॉल्फ्थेलीनचा रंग साधारण ८.२ सामूपासून दिसायला लागतो आणि १० च्या आसपास गडद होतो. खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा सामू जेमतेम ८.३. म्हणजे उंबरठ्यावरच उभा. फिकट गुलाबी छटा दिसेल किंवा दिसणारही नाही. तेच थेंब धुण्याच्या सोड्यात टाका, तिथे सामू ११ च्या आसपास असतो, रंग भडक येतो. चुन्याच्या निवळीत तर आणखी. उलट, पेटीत कॉस्टिक सोड्याच्या (सोडिअम हायड्रॉक्साइडच्या) पापड्या असतील आणि मुलाने दाट द्रावण केलं, तर आलेला गुलाबी रंग मिनिटभरात उडून जातो. सामू १३ च्या वर गेला की या दर्शकाचा रेणू पुन्हा रंगहीन रूपात जातो. पुस्तिकेत याचा उल्लेख सहसा नसतो आणि मुलाला वाटतं, द्रावण आपोआप उदासीन झालं.

दुसरी चूक थेंबांची. हा दर्शक अल्कोहोलमध्ये विरघळवलेला असतो, पाण्यात तो जवळजवळ विरघळत नाही. पाच मिलिलिटर द्रावणात दहा-बारा थेंब टाकले की पाणी दुधी होतं, आणि ‘अवक्षेप (न विरघळणारा साका) मिळाला’ अशी नोंद वहीत जाते. एक-दोन थेंब पुरे.

मिथिल ऑरेंजचा घोळ याहून मोठा. ते ३.१ च्या खाली लाल आणि ४.४ च्या वर पिवळं. नळाच्या पाण्यात पिवळं, मिठाच्या पाण्यात पिवळं, साबणातही पिवळंच. ‘पिवळं म्हणजे आम्लारी’ असं छापलेलं असेल तर ती ओळ सरळ खोडून टाका. पिवळं म्हणजे एवढंच की सामू ४.४ पेक्षा जास्त आहे. लिंबाच्या रसात आणि व्हिनेगरमध्ये ते लालसर होतं, तिथे त्याचा उपयोग. दोन्ही दर्शक एकाच द्रावणाच्या दोन नळ्यांत टाकायला लावले, तर मुलाला आपोआप कळतं की प्रत्येक दर्शकाची रेघ वेगळ्या जागी आखलेली आहे.

पीएच पट्ट्यांबद्दल दोन गोष्टी. पहिली, त्या झिपच्या पिशवीत येतात आणि पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात आणि गोव्यात, दमट हवेने वापराआधीच डागाळतात. आल्या आल्या घट्ट झाकणाच्या कोरड्या डबीत टाका, चिमट्याने काढा, बोटांनी नको. घामाचाही डाग पडतो. दुसरी, पुस्तिकेत ‘ऊर्ध्वपातित पाण्याचा सामू ७’ असं असतं आणि पट्टी दाखवते साडेपाच-सहा. पट्टी खोटी बोलत नाही. उघड्यावर ठेवलेल्या शुद्ध पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि ते किंचित आम्लधर्मी होतं. शिवाय इतक्या शुद्ध पाण्यात पट्टीवरच्या रंगद्रव्याचाच परिणाम जाणवतो. सामू ७ दाखवायचा हट्ट असेल तर पाणी पाच मिनिटं उकळून, झाकून गार करून मग पाहा, तरी थोडं इकडेतिकडे होईलच.

पेटीतले दर्शक संपले तर पुन्हा पेटी आणायची गरज नाही. जास्वंदीच्या पाच-सहा लाल पाकळ्या अर्धा कप कडकडीत पाण्यात दहा मिनिटं ठेवा: आम्लात गुलाबी-लाल, आम्लारीत हिरवा. हा अर्क दोन दिवसांत बिघडतो, फ्रिजमध्ये ठेवला तर थोडा जास्त टिकतो. हळद आम्लात पिवळीच राहते, आम्लारीत लाल-तपकिरी होते. ती आम्ल ओळखायच्या कामाची नाही, हे मुलांनी स्वतः करून पाहिलेलं बरं.

चुन्याची निवळी हा पेटीतला सर्वांत वारंवार फसणारा प्रयोग. ‘कॅल्शिअम हायड्रॉक्साइड’ची पुडी असते, ती पाण्यात ढवळून गाळायची आणि नळीने फुंकायचं, पाणी दुधी व्हायला हवं. होत नाही. कारण पातळ पिशवीतली ती पूड महिनोन्महिने हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत बसलेली असते आणि तिचा बराचसा भाग कॅल्शिअम कार्बोनेट झालेला असतो. ओळखायचं सोपं आहे: चिमूटभर पुडीवर व्हिनेगरचे चार थेंब टाका. जोरात फसफसलं तर तो खडू आहे, चुना नव्हे. पानटपरीवरचा ओला चुना या कामी कधीही सरस, कारण तो पाण्याखाली राहतो आणि हवा त्याला कमी लागते. एक लिटर पाण्यात एक लहान चमचा चुना घालून ढवळायचं, बाटली काठोकाठ भरून बूच लावायचं, रात्रभर ठेवायचं आणि सकाळी वरचं नितळ पाणी हलक्या हाताने ओतून घ्यायचं. जास्त चुना घालून निवळी ‘कडक’ होत नाही. लिटरमध्ये दीड-पावणेदोन ग्रॅमच विरघळतो, बाकी तळाशी बसतो. पाणी गरम केलं तर उलट आणखी कमी विरघळतो, जे साखर-मिठाची सवय असलेल्या मुलांना खरं वाटत नाही.

फुंकताना नळीतून ओढायचं नाही, फक्त हवा सोडायची, आणि डोळ्यांवर गॉगल हवाच. निवळीचा सामू १२ च्या वर असतो. पंधरा-वीस सेकंदांत दुधी झालेलं पाणी तसंच फुंकत राहिलात तर पुन्हा नितळ होतं: कॅल्शिअम कार्बोनेटचं विद्राव्य बायकार्बोनेट झालेलं असतं. हे नितळ पाणी उकळा, पुन्हा गढूळ. घरच्या गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तो याच उलट्या अभिक्रियेचा. अशा पेट्यांच्या पुस्तिका ‘दुधी झाले’ यावर थांबतात, पुढचा अर्धा आणि जास्त मजेचा भाग सोडून देतात.

विस्थापन अभिक्रियेसाठी, म्हणजे एक धातू दुसऱ्याला द्रावणातून हुसकावतो ते दाखवायला, पेटीत मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि एक लोखंडी खिळा असतो. खिळ्याकडे नीट बघा. तो चकचकीत पांढरट असेल तर त्यावर जस्ताचा मुलामा आहे. तांब्याच्या जागी काळपट बुरशीसारखा थर येईल आणि निळा रंग हिरवट न होता नुसताच फिका पडत जाईल, कारण जस्ताचं द्रावण रंगहीन असतं. स्टेनलेस स्टीलचा स्क्रू असेल तर काहीच होणार नाही. खिळा काळा, साधा असेल तर त्यावर कारखान्यातलं तेल असतं. साबणाने धुऊन, पॉलिश पेपरने घासून, मग टाका. पुस्तिकेतलं प्रमाण असतं ‘चंचुपात्रभर द्रावण’. तेवढ्या दाट निळ्यात एका खिळ्याने रंगाचा फरक दिसत नाही, आणि खिळ्यावर तांब्याचा थर बसला की आतलं लोखंड झाकलं जाऊन काम मंदावतं. १० मिलिलिटर पाण्यात ०.२ ग्रॅम मोरचूद घ्या. एवढ्या फिक्या द्रावणात खिळ्यावरचा तांबूस थर काही मिनिटांत येतो, आणि काही तास ठेवलं की निळेपणा उडालेला स्पष्ट कळतो. शेजारी मूळ द्रावणाची दुसरी नळी ठेवल्याशिवाय मात्र तुलना करू नका, आठवणीतला रंग दगा देतो.

हीच अभिक्रिया शेतात रोज वापरली जाते, आणि पेटी बनवणाऱ्यांना ती सुचू नये याचं नवल वाटतं. नाशिक-सांगलीकडे द्राक्षांवर आणि कोकण-गोव्यात सुपारीच्या कोळेरोगावर जे बोर्डो मिश्रण फवारतात, ते एक टक्क्याचं करताना १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना असं प्रमाण असतं. चुना कमी पडला तर मोकळं तांबं पानं जाळतं. म्हणून तयार मिश्रणात घासलेला विळा किंवा सुरी मिनिटभर बुडवून बघतात. पात्यावर तांबूस थर आला तर अजून चुना घालायचा. दहावीच्या पुस्तकातली विस्थापन अभिक्रिया ही अशी विळ्यावर उमटते. मुलाला हे सांगून ५० मिलिलिटर पाण्यात अर्धा ग्रॅम मोरचूद आणि थोडीथोडी चुन्याची निवळी घालत प्रत्येक वेळी खिळा बुडवायला लावा. थर यायचा कधी थांबतो हे शोधणं म्हणजे एक प्रकारचं अनुमापनच.

जस्ताचे तुकडे आणि ‘सौम्य आम्ल’ यांचा हायड्रोजन. बऱ्याच पेट्यांत हायड्रोक्लोरिक आम्लाऐवजी सायट्रिक आम्ल असतं, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण जस्त त्यात कंटाळवाणं बुडबुडतं. उपाय पेटीतच आहे: मोरचुदाच्या द्रावणाचे दोन थेंब टाका. जस्तावर तांब्याचे ठिपके बसतात, जस्त आणि तांबं मिळून छोटा विद्युतघटच तयार होतो, आणि बुडबुडे झपाट्याने वाढतात. वायूची ‘पॉप’ चाचणी फक्त परीक्षानळीभर वायूवर. बाटलीत साठवून काडी लावायचा विचारही नको.

आता काट्याकडे येतो.

५०० ग्रॅमपर्यंत मोजणारा आणि ०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा, सोनार किंवा कॉफीवाले वापरतात तसला, साधारण पाचशे रुपयांच्या आसपास मिळतो. ०.१ ग्रॅमचा किचन काटा या कामाला चालत नाही. वापरायच्या आधी १० रुपयांचं नाणं ठेवून बघा, साधारण ७.७ ग्रॅम दिसलं पाहिजे. पंखा बंद. गरम भांडं कधीही ठेवायचं नाही: भोवतीची हवा तापून वर जाते, वजन कमी दिसतं आणि आकडा सतत सरकतो.

या काट्यावरचा सर्वांत चांगला प्रयोग पेटीशिवायही होतो. त्याला लागतो फक्त खाण्याचा सोडा आणि स्टीलची छोटी कढई. बेकिंग पावडर नको, तिच्यात आम्ल आणि स्टार्च असतं. डब्यावर ‘सोडिअम बायकार्बोनेट’ एवढंच लिहिलेलं पाहिजे. ॲल्युमिनिअमचं भांडंही नको, तयार होणारा धुण्याचा सोडा ओलाव्यात ॲल्युमिनिअमला खातो.

रिकामी कढई काट्याच्या मर्यादेत बसते का ते आधी पाहा. जड असेल तर स्टीलची वाटी घ्या. भांड्याचं वजन लिहा. त्यात १०.०० ग्रॅम सोडा. मंद आचेवर ठेवून चमच्याने सतत हलवत राहा. थोड्या वेळाने पूड पाण्यासारखी हलायला लागते, मधूनमधून छोटे फवारे उडतात: आतून वाफ आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. याच वेळी आच मोठी केली तर पूड उडून बाहेर जाते आणि पुढचं सगळं गणित बिघडतं. वर थंड चमचा धरला तर त्यावर पाण्याचे थेंब जमतात, तेवढं मुलाला दाखवा. हालचाल थांबल्यावरही दहा मिनिटं ठेवा. पूर्ण गार करा, वजन घ्या. पुन्हा दहा मिनिटं तापवा, गार करा, वजन घ्या. दोन वजनं सारखी आली की झालं.

आता कागदावर तीन शक्यता मांडायच्या. सोडा तापवल्यावर काय उरतं? सोडिअम हायड्रॉक्साइड उरत असेल तर १० ग्रॅमचे ४.८ ग्रॅम व्हायला हवेत. सोडिअम ऑक्साइड असेल तर ३.७. सोडिअम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, असेल तर ६.३. रेणुवस्तुमानं मुलाने स्वतः काढावीत: बायकार्बोनेट ८४, त्याचे दोन म्हणजे १६८, त्यातून कार्बोनेट १०६. काट्यावर ६.३ च्या आसपास आकडा येतो. ६.५ आला तर तापवणं अपुरं राहिलं, ६.० आला तर पूड उडाली. तीन समीकरणं कागदावर सारखीच संतुलित असतात. कुठलं खरं, हे वजन सांगतं. संतुलन म्हणजे डावी-उजवी बाजू जुळवण्याचा खेळ, असं ज्या मुलांच्या डोक्यात बसलेलं असतं, त्यांच्यासाठी याहून चांगला उतारा आम्हांला माहीत नाही. उरलेली पूड पाण्यात घालून फिनॉल्फ्थेलीनचा एक थेंब टाका. मघाशी जेमतेम फिकट होणारा सोडा आता भडक गुलाबी.

वस्तुमान अक्षय्यतेसाठी पुस्तिका बाटली आणि फुग्याचा प्रयोग सुचवतात: बाटलीत व्हिनेगर, फुग्यात सोडा, फुगा बाटलीच्या तोंडाला लावून उलटा करायचा, ‘वजन बदलत नाही’. साध्या किचन काट्यावर हे एकवेळ खपून जाईल. ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर वजन चक्क घटतं, आणि मूल म्हणतं की नियमच चुकीचा. ४.२ ग्रॅम सोड्यातून साधारण १.२ लिटर वायू निघतो. फुगा तेवढा फुगला की तेवढीच हवा बाजूला सारतो, आणि त्या हवेचं वजन, सुमारे १.४ ग्रॅम, उत्प्लावक बलामुळे काट्यावर कमी दिसतं. वस्तुमान जिथल्या तिथे असतं. हा भाग आठवीला जड जाईल, दहावीला गुरुत्वाकर्षण आणि प्लावकता शिकून झालेल्यांना अगदी बरोबर बसतो. लहान मुलांसाठी फुगा टाळा. एक लिटरची शीतपेयाची प्लास्टिकची बाटली घ्या, तळाशी २० मिलिलिटर व्हिनेगर, ०.५ ग्रॅम सोडा कागदाच्या पुडीत गुंडाळून आत सोडा आणि झाकण झटकन घट्ट करा. वायू दीडशे मिलिलिटरच्या आत, तेवढा दाब ही बाटली सहज पेलते आणि तिचा आकारही फारसा बदलत नाही. वजन स्थिर राहतं. मग झाकण उघडून हलवा, साधारण पाव ग्रॅम कमी होतं. सोड्याचं प्रमाण वाढवायचं नाही, आणि काचेची बाटली तर अजिबात नाही.

उघड्या भांड्यातला हिशेबही करून घ्या. १०० मिलिलिटर व्हिनेगरमध्ये ४.२ ग्रॅम सोडा थोडाथोडा घातला तर समीकरणाप्रमाणे २.२ ग्रॅम वायू जायला हवा. काटा दाखवतो साधारण २.०. उरलेला वायू व्हिनेगरमध्येच विरघळून बसतो. भांडं हलवत राहिलं की आकडा आणखी थोडा सरकतो. ‘प्रयोगात चूक झाली’ आणि ‘वायू विरघळलेला आहे’ यांतला फरक इथे शिकवता येतो.

काट्याबरोबर पेटीची आणखी एक लबाडी उघडी पडते. पुडीवर नुसतं ‘सोडिअम कार्बोनेट’ किंवा ‘कॉपर सल्फेट’ लिहिलेलं असतं. स्फटिकजल आहे की नाही याचा पत्ता नाही. धुण्याच्या सोड्याच्या स्फटिकात पाण्याचे दहा रेणू, त्याचं रेणुवस्तुमान २८६. कोरड्या पुडीचं १०६. एकाच वजनात जवळजवळ पावणेतीनपट फरक. त्यात हे स्फटिक उघड्यावर ठेवले तर पाणी सोडून पांढरी भुकटी होतात, म्हणजे डबीत मधलंच काहीतरी असतं. मोजमापाच्या प्रयोगाला म्हणूनच खाण्याचा सोडा घ्यावा. मोरचुदाचं तसं नाही: निळा स्फटिक म्हणजे पाण्याचे पाच रेणू, आणि वजनात ३६ टक्के पाणी. २.५० ग्रॅम बारीक करून तापवलं तर ०.९ ग्रॅम घटतं आणि पूड पांढरी होते. परीक्षानळीचं तोंड किंचित खाली झुकवून धरायचं. सरळ धरली तर वर जमलेलं पाणी ओघळून तापलेल्या बुडावर येतं आणि नळी तडकते.

नळ्यांवरून आठवलं. पेटीतल्या नळ्या काही वेळा प्लास्टिकच्या असतात आणि शेजारीच स्पिरिटचा दिवा दिलेला असतो. दोन्ही एकत्र कशासाठी, ते पेटी बनवणाऱ्यांनाच ठाऊक. काचेच्या असतील तर बोरोसिलिकेट (उष्णता सोसणारी काच) असल्याचा छाप आहे का पाहा; नसेल तर त्या फक्त थंड प्रयोगांना. दिव्यात स्पिरिट अर्ध्यापर्यंतच, पेटता असताना कधीही भरायचा नाही, फुंकून न विझवता टोपण घालायचं. लहान घरात याऐवजी गॅसची मंद आच आणि चिमटा, मोठ्या माणसासमोर, हे जास्त सुरक्षित.

काही रसायनं पेटीत असूच नयेत. लेड नायट्रेट आणि पोटॅशिअम आयोडाइडचा पिवळाधमक अवक्षेप दिसायला सुंदर, पण शिसं घरात नको. बेरियम क्लोराइडही विषारी. पेटीच्या यादीत ही दोन नावं असतील तर ती पेटी घेऊ नका. दुहेरी विस्थापन दाखवायला औषधांच्या दुकानातलं एप्सम सॉल्ट आणि धुण्याचा सोडा पुरतो: दोन नितळ द्रावणं एकत्र केली की पांढरा अवक्षेप. मोरचूद आणि धुण्याचा सोडा घेतला तर निळा-हिरवा. कॉस्टिक सोड्याच्या पापड्या असतील तर मुलांच्या हाती न देता मोठ्यांनी आधीच सौम्य द्रावण करून ठेवावं, लिटरला ४ ग्रॅम. डोळ्यांत उडालं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरून मग डॉक्टरकडे. व्हिनेगर घालून ‘उदासिनीकरण’ करायचं नाही. पेटीतला गॉगल बहुधा बाजूंनी उघडा असतो. हार्डवेअरच्या दुकानातला ग्राइंडिंगचा पूर्ण झाकलेला गॉगल घ्या.

हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, बहुतेक वेळा पिवळट-तपकिरी झालेलं येतं. फिकट हिरवं असेल तरच कामाचं. नवसागर चांगला असतो, दमटपणाने गठ्ठा झाला तरी बिघडत नाही. ५० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम विरघळवला की तापमान आठ-दहा अंशांनी उतरतं. उष्माग्राही बदलासाठी हाताला जाणवणारा एवढा स्वस्त पुरावा दुसरा नाही. चिमूटभर नवसागर आणि चिमूटभर ओला चुना एकत्र करून वर ओला लाल लिटमस धरा, अमोनियाने तो निळा होतो. वास घ्यायला नाक खुपसायचं नाही, हाताने हवा ओढून घ्यायची.

पाण्याच्या विद्युत अपघटनासाठी ९ व्होल्टची बॅटरी आणि पेन्सिलीच्या शिसांचे, म्हणजे ग्रॅफाइट या कार्बनच्या रूपाचे, दांडे दिलेले असतात. मीठ घालायला सांगितलं असेल तर घालू नका, धनाग्रावर क्लोरीन निघतो. थोडा धुण्याचा सोडा घाला. वायूंचं प्रमाण २ : १ न येता ऑक्सिजन कमी भरतो, कारण तो थोडा पाण्यात विरघळतो आणि थोडा कार्बनच्या दांड्यालाच खातो. धनाग्र झिजून पाणी काळपट होतं ते म्हणूनच.

गोळ्या-काड्यांचा रेणू-संच काही महागड्या पेट्यांत असतो. कार्बनी संयुगांसाठी तो उत्तम: चार भोकांचा काळा गोळा हातात आला की ब्युटेनची दोन रूपं समजावून सांगावी लागत नाहीत, मूल स्वतः बनवतं. दुहेरी बंधासाठी वाकणाऱ्या काड्या आहेत का तेवढं पाहा. मीठ मात्र यात बसवू नका. सोडिअम क्लोराइडचा सुटा रेणू नसतो, आयनांची जाळी असते. एक काडी मारून दोन गोळे जोडले की आठवीत शिकलेला आयनिक बंध आणि सहसंयुज बंध यांतला फरकच पुसला जातो.

हिशेब मांडायचा तर दोन रस्ते. प्रयोगशाळा साहित्याच्या दुकानातून सहा बोरोसिलिकेट नळ्या, १०० मिलिलिटरची दोन चंचुपात्रं, एक मोजपात्र, फिनॉल्फ्थेलीनची छोटी बाटली, लिटमस. बाकी मोरचूद कृषी केंद्रातून, नवसागर कल्हईवाल्याकडून किंवा सुकामसाल्याच्या दुकानातून, सोडा, व्हिनेगर, लिंबूसत्त्व किराण्यातून, आणि काटा. शहरात हे दोन फेऱ्यांत होतं. गावात, जिथे असं दुकान जवळ नाही, तिथे साध्यातली साधी पेटी मागवा आणि वाचलेल्या पैशांत काटा घ्या. राज्य मंडळाच्या दहावीत विज्ञानाचे २० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. नळी कशी धरायची, थेंब कसे मोजायचे, एवढा सराव तरी दोन्ही रस्त्यांनी होतो. ‘शंभर प्रयोग’वाली मोठी पेटी कुठल्याच घरी लागत नाही. त्या शंभरांतले तीसेक प्रयोग म्हणजे वेगवेगळ्या द्रावणात लिटमस बुडवणं.

सामान आलं की पुड्या लगेच स्क्रूच्या झाकणाच्या छोट्या बाटल्यांत ओता आणि मराठी नाव, रासायनिक नाव, स्फटिकजल, तारीख असं लेबल लावा. खाण्याचा सोडा स्वयंपाकघरात परत नेऊ नका, प्रयोगाचा डबा वेगळा.

मोरचुदाची उरलेली निळी द्रावणं मोरीत किंवा कुंडीत ओतायची नाहीत. तांबं माशांना आणि मुळांना मारतं. एका प्लास्टिकच्या बाटलीत साठवत जा. ती भरली की त्यात घासलेले जुने काळे खिळे टाकून आठवडाभर ठेवा, मधूनमधून हलवा. निळेपणा गेला की गाळा. गाळणकागदावर राहिलेली लालसर पूड म्हणजे तांबं, आणि खाली उतरलेलं फिकट हिरवं पाणी हिराकशीचं. ते उघड्या बशीत ठेवलं तर दोन दिवसांत त्यावर तपकिरी साय धरते.